टाहो सरोवरावरील सायकलची वाट

अमेरिकेंत कॅलिफोर्निया व नेवाडा ह्या संस्थानांच्या सीमेवर टाहो नांवाचें विशाल सरोवर आहे. त्याच्या पूर्वेकडील डोंगरांत, पाण्यापासून सुमारें १,५०० फूट उंचीवर, 'फ्लूम ट्रेल' नांवाची साडेचार मैलांची अरुंद वाट आहे. सायकलस्वार तिला मध्यम प्रतीची गणतात. नवलाची गोष्ट ही कीं, तिला चढउतार जवळजवळ नाहींच. १८७० नंतरच्या दशकांत व्हर्जिनिया सिटी ह्या रुप्याच्या खाणींच्या गांवासाठीं मार्लेट तलावाचें पाणी येथून लांकडी पन्हळींतून नेलें जाई. आणि पाणी संथ वाहावयाचें तर उतार सौम्यच ठेवावा लागतो. पन्हळी गेल्या, सपाटी राहिली.

मग कठीण तें काय? एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस उभा कडा, चाकाखालीं सैल वाळू, आणि साडेसात हजार फुटांवरील विरळ हवा. (पालकांस धडकी भरेल खरी!) शिवाय सायकलीचा धर्म असा कीं, स्वाराची दृष्टि जाईल तिकडे चाक वळतें. निळ्या पाण्याकडे पाहत राहिल्यास चाकहि कड्याकडे ओढ घेतें. म्हणून जाणते स्वार नजर पुढील वाटेवर ठेवितात, वळणापूर्वींच वेग आवरतात, आणि सरोवर पाहावयाचें झाल्यास खालीं उतरून पाहतात.