पर्यावरण धोरणाची पदवी: आधी पैशाचा हिशेब, मग अर्ज

पर्यावरण धोरणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणणारी मुलं आता सांगली, चंद्रपूर, रत्नागिरीतही भेटतात. ही फार चांगली गोष्ट आहे. नद्या, खाणी, वीज, शहरातला कचरा या सगळ्याचे निर्णय घेणाऱ्या टेबलावर अशी शिकलेली माणसं हवीतच. पण या वाटेबद्दल ऐकीव माहिती इतकी पसरली आहे की हुशार मुलांचं वर्ष फुकट जातं किंवा घर कर्जात अडकतं. त्यातले काही गैरसमज दूर करायला हवेत.

‘आधी ॲडमिशन मिळू दे, पैशाचं नंतर बघू’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. मोठ्या शिष्यवृत्त्यांचं वेळापत्रक प्रवेशाच्या बरोबरीनं किंवा त्याच्याही आधी चालतं. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज दिवाळीच्या आसपास संपतात, ते थेट पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी. अर्जातच तीन अभ्यासक्रम नोंदवावे लागतात. शिवाय दोन वर्षांचा, म्हणजे किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपमध्ये पर्यावरण हा विषय आहे, पण अट तीन वर्षांच्या पूर्णवेळ अनुभवाची, आणि नुसती तीन वर्षांची पदवी तिथे पुरत नाही. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक विनिमय संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्तीही दोन वर्षांचा अनुभव मागते, आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

म्हणजे यंदा बीएस्सी किंवा बीए झालेल्या मुलानं लगेच अर्ज केला, तर यातलं एकही दार त्याच्यासाठी उघडत नाही. तोच मुलगा दोन-तीन वर्षं एखाद्या पाणलोटाच्या प्रकल्पावर, सल्लागार कंपनीत किंवा महापालिकेच्या पर्यावरण विभागात राबला, तर चित्र पालटतं. म्हणून ‘गॅप पडेल’ या भीतीनं घाई करणाऱ्या आईवडिलांना मी आवर्जून सांगतो की या विषयात ती वर्षं वाया जात नाहीत, त्या वर्षांवरच पुढचे पैसे मिळतात.

एरास्मस मुंडुसची गोष्ट थोडी वेगळी आहे. यात दोन-तीन युरोपीय विद्यापीठं मिळून एक पदवी देतात. पर्यावरण धोरण आणि व्यवस्थापनाचा ‘मेस्पॉम’ त्यातलाच. तिथे प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचा अर्ज एकच असतो. शिष्यवृत्तीसाठी निवड झाली की शुल्क भरावं लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. अनुभव कमी असलेल्यांनी हा मार्ग आधी पाहावा.

महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत मात्र क्रम उलटा असतो. अनुसूचित जातींसाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र आधी हातात लागतं, आणि विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थानही पाहिलं जातं. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी, खुल्या वर्गातल्या मुलांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. मराठा समाजासाठी ‘सारथी’ची योजना महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावानं आहे. याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं होतं. उत्पन्नाची मर्यादा आणि क्रमवारीची अट बदलत राहते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या मित्राचं ऐकू नका, यंदाची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. बरेच अर्ज गुणांवर नाही, कागदांवर अडतात.

‘अमेरिकेत असिस्टंटशिप मिळतेच’

पीएचडीला बहुतेक वेळा मिळते. पण पर्यावरण धोरणाच्या बहुतेक मास्टर्स पदव्या व्यावसायिक स्वरूपाच्या असतात, आणि तिथे विद्यार्थ्यानं पैसे भरावेत हीच अपेक्षा असते. शुल्कात काही सूट मिळते, पूर्ण माफी क्वचित. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला असेल, तर एका विद्यापीठाची सूट दुसऱ्याला कळवून नम्रपणे वाढ मागता येते. आपल्याकडे याचा संकोच वाटतो, पण तिकडे ही नेहमीची गोष्ट आहे. अर्ज शुल्काची माफीही अनेक विद्यापीठं देतात, मात्र मागावी लागते. कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातून किराणा भागेल, शुल्क नाही.

आणखी एक गोष्ट लोक उशिरा तपासतात. शिक्षणानंतर अमेरिकेत एक वर्ष काम करता येतं. त्यावरची २४ महिन्यांची वाढ मात्र फक्त ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदव्यांना मिळते, आणि ते अभ्यासक्रमाच्या नावावर नाही, आय-२० या कागदावरच्या सहा अंकी सीआयपी कोडवर ठरतं. सारख्याच नावाच्या दोन पदव्यांतली एक यादीत असू शकते आणि दुसरी नसू शकते. हा कोड पैसे भरण्याआधी ईमेलनं विचारून घ्यावा.

‘जर्मनीत सगळं फुकट’

बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि पर्यावरणासाठी नावाजलेलं फ्रायबुर्ग नेमकं त्याच राज्यात आहे. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते शुल्क नाही, तुमचेच पैसे महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. पण निघताना एकरकमी उभे करावे लागतात, आणि घरातली धावपळ तिथेच होते. भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं.

‘कर्ज काढू, नोकरी लागली की फिटेल’

इथे आकडे मांडूनच बोलायला हवं. समजा, दरवर्षी सुरुवातीला १० लाख असं दोन वर्षांत २० लाखांचं कर्ज घेतलं आणि व्याज सरळ १० टक्के आहे. शिक्षणाची दोन वर्षं आणि हप्ते सुरू होण्याआधीचं एक वर्ष यांत १, २ आणि २ असं ५ लाख व्याज साठतं. ते न भरल्यास हप्ता २५ लाखांवर बसतो: दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे ३३ हजार. हप्ते सुरू होईपर्यंत व्याज भरत राहिलात तर तोच हप्ता साडेसव्वीस हजारांच्या आत राहतो. पर्यावरणातल्या स्वयंसेवी किंवा संशोधन संस्थांत सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरसारखा नसतो. ३३ हजार हप्ता डोक्यावर असलेली मुलगी मग आवडीचं काम सोडून मिळेल ती नोकरी धरते, आणि ज्यासाठी ती शिकली तेच राहून जातं. मला सर्वांत जास्त हळहळ याची वाटते.

जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून मदत करतं, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे. परतफेड करावी लागते. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, मात्र ती भारतातल्या निवडक संस्थांसाठीच आहे. परदेशी पाठवलेल्या पैशांवर टीसीएस हा कर कापला जातो हे ऐकून अनेकजण धास्तावतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो आता लागत नाही, आणि स्वतःच्या पैशांवर १० लाखांपुढे कापला गेला तरी विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

‘विज्ञानाची पदवी नसेल तर उपयोग नाही’

धोरणाचं काम कायदा, अर्थशास्त्र, प्रशासन आणि विज्ञान यांच्या मधोमध चालतं. वकील, वाणिज्य पदवीधर, समाजकार्यवाले सगळे यात येतात. थोडं संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र मात्र हवं. नसेल तर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम करून गुणपत्रक जोडावं.

उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीनं शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी तुमच्या तालुक्यातली एखादी जनसुनावणी आठवा. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, ३० दिवस आधी नोटीस निघते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मंडपात बसलेल्या शेतकऱ्याच्या हातात तेवढे मराठी कागद असतात. विहिरीच्या पाण्याचे तक्ते इंग्रजीतल्या जाडजूड अहवालात राहतात. तो तक्ता त्याच्यापर्यंत पोचवायचा तर नियमात काय बदल हवा? हा प्रश्न ज्याला पडला आणि ज्यानं त्यावर थोडं काम केलं, त्याचं पत्र समिती थांबून वाचते.

‘कन्सल्टंट फुकट मार्गदर्शन करतो’

त्याला अनेक परदेशी विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं. त्यामुळे कमिशन न देणारी विद्यापीठं आणि शिष्यवृत्तीवर चालणारे अभ्यासक्रम त्याच्या यादीत सहसा दिसत नाहीत. ‘या विद्यापीठाशी तुमचा करार आहे का,’ हे त्याला तोंडावर विचारा.

‘परदेशी पदवीशिवाय किंमत नाही’

काम भारतातल्या धोरणांवर करायचं असेल तर मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आयआयटी मुंबईतलं धोरण अध्ययन केंद्र, पुण्यातली भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था, दिल्लीचं टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज हे पर्याय खर्चाच्या शेजारी मांडून पाहावेत. मुंबईनं २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला, हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात बसतं; शिकताशिकता प्रत्यक्ष काम पाहायला हे सगळं एका लोकलच्या किंवा एसटीच्या अंतरावर आहे. इथली पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव घेऊन पुढे फुलब्राइटचा अर्ज करायलाही काही आडकाठी नाही.