काळारामाच्या दारी वाजलेला लष्करी बँड

२६ जानेवारीची सकाळ. इंदिरानगरात थंडी अजून ओसरलेली नसते. तेवढ्यात शाळेच्या मैदानावरून ड्रमचा कडकडाट घराघरांत ऐकू येतो. पोरे चहा तसाच टाकून दाराशी धावतात. बँड पथकातील मुलगी बिगुल फुंकते आणि मागच्या रांगा पाय जुळवून चालू लागतात. आई-बाप कौतुकाने पाहतात. पण या तालाशी आपल्या समाजाचे नाते किती जुने आहे, हे आपण आपल्या लेकरांना कधी सांगितले आहे काय?

त्यासाठी फार दूर जायला नको. गोदावरी ओलांडली की पंचवटी. २ मार्च १९३० रोजी, रविवारी, तेथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. प. पू. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५,००० माणसे चार-चारच्या रांगा करून निघाली. मिरवणूक जवळजवळ मैलभर लांब होती. सर्वांत पुढे लष्करी चालीवर वाजणारा बँड होता. त्यामागे स्काउटचे पथक आणि सुमारे ५०० स्त्रिया. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक तेथून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथेच सभा झाली. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा पुढे कित्येक वर्षे चालविला.

त्या मिरवणुकीपुढे लष्करी बँडच का होता? कारण पलटणीची शिस्त आपल्या वस्त्यांत मुरलेली होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करातलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, पण १९२१ मध्ये तीही मोडली. नोकरी गेली, तरी अंगातली कवायत गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावकीत दवंडी पिटणे हे आपल्याकडे लादलेले काम होते. दुसऱ्याच्या हुकमाने वाजवायचे आणि शिळ्या भाकरीसाठी दारोदार जायचे. पलटणीतल्या ड्रमला मात्र गणवेश होता, पगार होता, हुद्दा होता. म्हणजे वाद्य हलके नसते. हलकी असते ती सक्ती. नाशिकच्या रस्त्यावर आपल्या माणसांनी बँड वाजविला, तो स्वतःच्या हक्कासाठी.

लष्करी बँड नुसता करमणुकीसाठी नसतो. मिनिटाला सुमारे १२० पावले, अशा चालीने तो हजारोंचे पाय एकत्र ठेवतो. युद्धकाळात हेच वादक जखमी जवानांना स्ट्रेचरवरून उचलून आणतात. शहीद जवानाला निरोप देताना बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात होणारा ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळाही रणांगणातूनच आला आहे. सूर्यास्ताला बिगुल वाजला की लढाई थांबवून सैनिकांनी छावणीत परतायचे, अशी ती जुनी रीत. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मध्य प्रदेशातील सागर येथे आज तिचे केंद्र आहे. एकदा बंद झालेले दार असे पुन्हा उघडले.

पालकांनो, आता कामाची गोष्ट. महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई बँड्समन या पदाची भरती निघते. नौदल आणि हवाई दलही अग्निवीर योजनेत वादक घेतात. तेथे दहावी पास असणे आणि वाद्य चांगले वाजविता येणे, दोन्ही लागते. मुलगा किंवा मुलगी शाळेच्या बँडमध्ये जाते म्हटल्यावर “अभ्यास बुडतो” असे म्हणून लगेच अडवू नका. नोटेशन वाचायला शिकू द्या.

आणि १४ एप्रिलची वर्गणी गोळा करताना मंडळांनीही विचार करावा. एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा उडतो, त्यात वस्तीतल्या मुलांसाठी ड्रम आणि बिगुल येऊ शकतात. डीजे दुसऱ्या दिवशी निघून जातो. वाद्ये विहारात राहतात आणि वर्षभर मुलांच्या हाताला वळण लावतात. १९३० साली मैलभर माणसे ज्या तालावर रांग न मोडता चालली, तो ताल पुढच्या जयंतीला आपल्याच पोरांनी वाजवावा.