निष्पर्ण चाफा तोडू नका

शब-ए-बरात जवळ आली की गावोगावच्या कब्रस्तानांत साफसफाई सुरू होते. गवत काढतात, काटेरी झुडपे तोडतात, खचलेल्या कबरींवर माती घालतात. सध्या काही वर्षे ही रात्र थंडीत येत आहे, आणि नेमक्या याच दिवसांत चाफ्यावर एकही पान नसते. जाड, राखाडी, वेड्यावाकड्या फांद्या तेवढ्या उभ्या असतात. झाड वाळले असे समजून कोणीतरी कोयता चालवतो आणि कित्येक वर्षांचे झाड तासाभरात आडवे होते. आम्ही हे होताना पाहिले आहे. म्हणून या वेळी चाफ्याविषयी थोडे.

चाफा मेला आहे की नुसता झोपला आहे, हे ओळखणे सोपे आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले आणि पांढरा चीक आला, तर झाड जिवंत आहे. फांदी दाबल्यावर मऊ किंवा पोकळ लागली, तर ती कुजली आहे, तेवढीच कापावी. ऊन तापू लागले की उरलेल्या शेंड्यांना पालवी आणि कळ्या येतात.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नाही. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे हे त्याचे माहेर. निकाराग्वाचे ते राष्ट्रीय फूल आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए (1646–1704) यांच्या नावावरून शास्त्रात त्याला प्लुमेरिया म्हणतात. मराठीत तो खैरचाफा किंवा पांढरा चाफा, उर्दूत गुलचीन. सोनचाफा मात्र अगदी वेगळ्या कुळातला. कब्रस्तानात खैरचाफा रुजला याचे कारण उघड आहे. त्याला पाणी थोडे लागते, रोजची देखभाल लागत नाही, आणि फुले आपोआप कबरींवर गळतात.

घरी लावायचा असेल तर बी शोधू नका, फांदी पुरते. मार्च ते मे हा काळ चांगला. अंगठ्याएवढी जाड, हात-दीड हात लांब फांदी कापावी, पाने काढावीत आणि आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवावी. कापलेली बाजू सुकल्याशिवाय लावली तर फांदी कुजते. मातीत भरड वाळू व थोडे शेणखत मिसळावे आणि फांदी चार-पाच बोटे खोल रोवावी. कुंडीच्या तळाला भोक हवेच. पाने फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे.

चाफ्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागते. सावलीत पाने येतात, फुले रुसतात. पण चाफा मरतो तो बहुधा पाण्याच्या अतिरेकाने. वुजूचे पाणी झाडांना सोडण्याची पद्धत चांगली आहे, मात्र ते चाफ्याच्या बुंध्याशी साचू देऊ नये. कोकणासारख्या पावसाच्या भागात तो उंचवट्यावर लावावा. थंडीत पाने गळाली की जमिनीतल्या झाडाला पाणी नको. कुंडीतल्या झाडाला महिन्यातून एक-दोनदा पुरे.

पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा रोग. अशी पाने तोडून, गळालेली गोळा करून दूर टाकावीत. छाटणी उगाच करू नये. फुले फांदीच्या टोकाला येतात, म्हणून टोक कापले की बहुधा त्या वर्षीचा बहर गेला. चीक त्वचेला झोंबतो, डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो. फांद्या कापताना मुलांना दूर ठेवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

कब्रस्तान समित्यांना आमची एक विनंती आहे. साफसफाईच्या आदल्या दिवशी जाणत्या माणसाने फेरी मारून, राखायच्या झाडांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढून ठेवावा. काम करणाऱ्या पोरांना मग विचारावे लागणार नाही. आणि कुठे चाफा तोडला गेलाच असेल, तर फांद्या जाळू नका. निरोगी फांद्या सावलीत सुकवून मार्चमध्ये लावा. एका झाडाच्या फांद्यांतून दहा-बारा घरांच्या अंगणांत चाफा उभा राहील, आणि एक रोप पुन्हा त्याच जागी लावता येईल.