आधी पाण्याची वाट

सकाळी 6.30
उत्तरेकडच्या खोलीत ऊन कधीच येत नाही. पाऊस उघडला तसं लोखंडी कपाट दोघांनी मिळून सरकवलं आणि मागची भिंत दिसली. छातीच्या उंचीला काळे-हिरवे ठिपके, खाली जमिनीलगत हातभर उंचीपर्यंत पांढरा भुगा आणि फुगलेले पोपडे. घरात दोन्हीला सरसकट ‘ओल आली’ म्हणतात. पण हे दोन निराळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही उलटे आहेत.

भुग्यावर पाण्याचा थेंब टाकला, भुगा विरघळला. हा लोणा, म्हणजे विटा-वाळूतला क्षार. वरचे ठिपके विरघळले नाहीत, ओल्या फडक्याखाली फरफटले, आणि जवळ गेलं की कुबट वास. मळ आहे की बुरशी, याचा कौल ब्लीचनं लागतो. पातळ ब्लीचचा थेंब टाकल्यावर मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला. मळ असता तर तसाच राहिला असता.

सकाळी 7.30
प्लास्टिकचे दोन चौकोन काल चहूबाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवले होते. खालच्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब जमलेत, वरचा कोरडा. म्हणजे खाली पाणी भिंतीतून येतंय आणि वर खोलीच्या हवेतून. पावसाळाभर कपडे इथंच वाळत होते, कपाट भिंतीला टेकलेलं, मागं वारा नाही. डिस्टेंपरमधला चिकटा आणि साचलेली धूळ बुरशीला खायला पुरते. भिंत ओली राहिली की एक-दोन दिवसांत ती धरते.

मिस्त्री मामा आले आणि भिंत पाहून म्हणाले, “धरणाच्या गावात ओल असायचीच, दादा.”

हे मला पटत नाही. पूर्णा नदीवरचं आमच्या गावचं धरण 1968 साली पुरं झालं, पायथ्याच्या वीजघरात एकूण 22.5 मेगावॅटचे संच आहेत, सोडलेलं पाणी पुढं सिद्धेश्वर धरणात जातं, हे सगळं खरं. पण आमच्या भिंतीत शिरलेलं पाणी आमच्याच गच्चीवरचं आहे.

“मामा, आधी बाहेरून बघू,” मी म्हटलं.

सकाळी 8
घराच्या मागं गच्चीचा पाइप थेट भिंतीच्या पायथ्याशी सुटतो. भोवतीची काळी माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आलीय. ही माती पाणी धरून ठेवते. भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पुढच्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून पायापर्यंत उतरतं. जोत्याच्या वर माती टेकली की विटा ते पाणी सरळ ओढून घेतात.

दिवसातलं खरं काम हे. मामांनी फावड्यानं माती जोत्याच्या खाली वीतभर उतरवली, घमेल्यांनी परसात नेऊन टाकली, मग मुरूम पसरून धुमसानं चोपला, उतार भिंतीपासून बाहेर. पाइपाला एल्बो लावून आणखी तुकडा जोडला आणि तोंड दूर चरात सोडलं. आतल्या भिंतीला अजून कुणी हात लावला नव्हता. लोक दर दिवाळीला रंग मारतात आणि दर श्रावणात पोपडे झाडतात, ते हे काम राहून जातं म्हणून.

सकाळी 11
आता बुरशी. घराकडचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. पंख्यानं बीजाणू साऱ्या घरात उडतात. मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. कोरडं खरवडायचं नाही, आधी साबणाचं पाणी फवारायचं, मग ब्रशनं घासायचं. त्यानंतर ब्लीच, चार लिटर पाण्यात एका कपाहून जास्त नाही, आणि दहा मिनिटांनी पुसून घ्यायचं. संडास धुण्याचं ॲसिड किंवा अमोनियाचं काही त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला त्या दिवशी बाहेर पाठवावं.

ब्लीचनं डाग पांढरा पडतो, पण गिलाव्याच्या आत ते फारसं जात नाही. म्हणून जिथं गिलावा पोकळ वाजला, तिथं तो ठोकून काढला. कपाटामागचे पुठ्ठ्याचे खोकेही फेकले. पुठ्ठा धुऊन निघत नाही.

दुपारी 1
भाकरी, पिठलं. जेवायला सगळे ओसरीवर बसले, खोली तशीच उघडी ठेवली.

दुपारी 2
लोण्याला पाणी लावायचं नाही. बुरशी ओली करून काढायची, लोणा कोरडा झाडायचा. धुतला की क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतो. मामांनी डागाच्या वर आणखी फूटभर गिलावा उतरवला, विटांचे सांधे उकरले, तारेचा ब्रश मारला आणि भुगा सुपलीत गोळा करून बाहेर टाकला.

“वॉटरप्रूफ प्लास्टिक पेंट मारून टाकू का, दादा? ओल दिसायची नाही.”

“दिसायची नाही, मामा, पण आत राहील ना.”

भिंतीला श्वास घेऊ द्यावा, या मताचा मी आहे. विटा उघड्याच ठेवल्या. प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावून आतून कोरडा निघेपर्यंत गिलावा करायचा नाही, मग त्याला कितीही आठवडे लागोत.

दुपारी 4.30
गिलावा झाल्यावर भिंतीला चुनाच द्यायचा, म्हणून पत्र्याच्या पिंपात पाणी घेऊन चुनकळी थोडी थोडी सोडली. ती उकळते, म्हणून मुलांना लांब बसवलं. हा चुना झाकून मुरवायचा आणि कापडातून गाळून घ्यायचा. गाळलेल्या चुन्यात सरस किंवा खळ घालायची पद्धत आहे, म्हणजे अंगाला पांढरं लागत नाही. या भिंतीला ते घालणार नाही. खळ म्हणजे बुरशीला पुन्हा जेवण. नुसता चुना तीव्र अल्कधर्मी असतो, ताज्या चुन्यावर ती सहसा धरत नाही. हात लावला की पांढरा होईल, तेवढं चालेल.

कपाट आता पूर्वेच्या भिंतीला, चार बोटं अंतर सोडून. कपडे वाळवायची दोरी ओसरीवर बांधली.