मेनूबारच्या उजव्या कोपऱ्यात

मॅकच्या पडद्यावर अगदी वर एक पट्टी असते. डावीकडे सफरचंदाचं चिन्ह आणि चालू ॲपचे मेनू, उजवीकडे वाय-फाय, बॅटरी, घड्याळ. याच उजव्या भागात बाहेरच्या कंपन्यांचे चिमुकले आयकॉनही येऊन बसतात: व्हीपीएन, बॅकअप, पासवर्ड सांभाळणारं ॲप, कॉपी केलेला मजकूर साठवून ठेवणारं ॲप. डोळस माणूस माऊस तिथे नेतो, क्लिक करतो आणि मोकळा होतो. अंध वापरकर्त्याचं घोडं मात्र नेमकं इथेच अडतं.

मॅकमध्ये व्हॉइसओव्हर नावाचा स्क्रीन रीडर २००५ पासून, म्हणजे टायगर आवृत्तीपासून आहे. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो. कंट्रोल आणि ऑप्शन या दोन कळांच्या जोडीला वापरणारे ‘व्हीओ’ म्हणतात. व्हीओ दाबून धरायचं आणि एम दोनदा दाबायचं, की थेट उजव्या बाजूच्या आयकॉनांवर पोहोचता येतं. तिथून बाणांच्या कळांनी पुढे-मागे सरकायचं. ‘वाय-फाय’, ‘बॅटरी’ हे नीट ऐकू येतं. बाहेरच्या एखाद्या ॲपची पाळी आली, की कधी नुसतंच ‘बटन’ असं ऐकू येतं. कशाचं बटन, ते कळायला मार्ग नाही.

याचं कारण आयकॉन कसा बनवला जातो, यात आहे. मॅकवर ॲप या पट्टीत स्वतःसाठी एक जागा मागून घेतं आणि तिथे काय दिसावं ते स्वतः ठरवतं. पूर्वी अनेक प्रोग्रामर त्या जागेत आपल्या हाताने चित्र काढत. चित्र दिसायला सुरेख असे, पण ते बटन आहे, त्याचं नाव अमुक आहे, ही माहिती सोबत दिली नाही तर व्हॉइसओव्हर बोलणार काय? २०१४ साली योसेमिटी आवृत्तीत ॲपलने या जागेसाठी तयार बटन दिलं, आणि २०१८च्या मोहावीत हाताने चित्र काढण्याची जुनी पद्धत कालबाह्य ठरवली. आता बटनाला नाव द्यायला कोडची एक ओळ पुरते. ती एक ओळ लिहायची राहून जाते, हे क्लेशकारक आहे.

शिवाय नाव एकदा देऊन भागत नाही. व्हीपीएन चालू झालं की आयकॉनमधलं कुलूप बंद दिसतं, तुटलं की उघडं. रंग बदलतो, आकार बदलतो, आणि नाव तेच राहिलं तर ऐकणाऱ्याला जोडणी तुटल्याचा पत्ताच लागत नाही. सार्वजनिक वाय-फायवर बसून बँकेचं काम करणाऱ्या माणसासाठी ही किरकोळ उणीव नव्हे.

खरा गुंता क्लिकनंतर सुरू होतो. आयकॉनखाली साधा मेनू उघडला तर प्रश्न नसतो, व्हॉइसओव्हर तो सरळ वाचतो. पण हल्ली अनेक ॲप मेनूऐवजी एक छोटी तरंगती खिडकी उघडतात. ती उघडते, पण कीबोर्डचा ताबा तिच्याकडे जातोच असं नाही. त्यात ही ॲप मुद्दाम अशी बनवलेली असतात की डॉकमध्ये दिसत नाहीत आणि कमांड-टॅबच्या यादीतही येत नाहीत. एकदा त्या खिडकीतून बाहेर पडलं की परतायचं कुठून? मुरलेले वापरकर्ते व्हीओ-कमांड-एफ५ने माऊसचा बाण आयकॉनवर आणतात, मग व्हीओ-शिफ्ट-स्पेसने क्लिक करून पाहतात. कधी जमतं, कधी नाही. रोजच्या कामासाठी इतकी खटपट कुणालाही करावी लागू नये.

विंडोजने हा प्रश्न बराचसा वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे घड्याळाजवळचे आयकॉन विंडोज स्वतः मांडतं. ॲपने फक्त चित्र आणि माऊस वर नेल्यावर दिसणारा छोटा मजकूर द्यायचा, आणि तोच मजकूर स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. विंडोज-बी दाबलं की तिथे जाता येतं. जॉज हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना इन्सर्ट-एफ११ने या आयकॉनांची यादीच मिळते. अर्थात ॲपने तो मजकूरच दिला नाही, तर विंडोजवरही वाचायला काही उरत नाही.

मॅकवर मात्र आयकॉनांचा क्रम बदलायचा तरी कमांड दाबून माऊसने ओढावं लागतं, म्हणजे पुन्हा डोळ्यांचंच काम. २०२१च्या मॅकबुक प्रोला वर मध्यभागी खाच आली, आणि आयकॉन जास्त झाले की काही तिच्यामागे लपू लागले. त्याचा त्रास डोळसांनाही झाला. २०२५च्या टाहो आवृत्तीत सेटिंग्जमध्ये मेनूबारचा वेगळा विभाग आला आहे. कोणत्या ॲपचा आयकॉन वर दिसू द्यायचा ते तिथल्या साध्या यादीतून ठरवता येतं. अशी यादी कीबोर्डने आणि कानाने वापरायला सोपी असते.

ॲप बनवणाऱ्यांना तपासणीसाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. कमांड-एफ५ने व्हॉइसओव्हर सुरू करावा, माऊस बाजूला ठेवावा आणि आपलंच ॲप चालवून पाहावं. तरंगत्या खिडकीत असलेली प्रत्येक सोय साध्या मेनूतही ठेवावी. आणि चालू असलेलं ॲप कुणी स्पॉटलाइट या मॅकच्या शोधसुविधेतून पुन्हा उघडलं, तर त्याच्या सेटिंग्जची खिडकी समोर यावी, म्हणजे आयकॉन सापडला नाही तरी ॲपपर्यंत पोहोचता येईल.