जरूर वाचा : ‘वुई हॅव ऑल्वेज लिव्हड इन द कॅसल’

लेखिका : शर्ली जॅक्सन (अमेरिका), प्रकाशन : १९६२

सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणात ब्लॅकवुड घराण्यातले चौघे दगावले. साखरेच्या भांड्यात आर्सेनिक होतं. खटल्यातून निर्दोष सुटलेली थोरली बहीण कॉन्स्टन्स आता बागेपलीकडे पाऊल टाकत नाही. वाणसामान आणि वाचनालयाची पुस्तकं आणायला गावात जाते ती धाकटी, अठरा वर्षांची मेरिकॅट. पोरं तिला गाणं म्हणून चिडवतात, मोठी माणसं टोमणे मारतात.

गोष्ट मेरिकॅटच सांगते, आणि कादंबरीचं सगळं बळ तिच्या आवाजात आहे. घराच्या रक्षणासाठी चांदीची नाणी पुरणारी ही मुलगी इतकं लाघवी बोलते, की तिच्यावर विश्वास किती ठेवावा याचं भान सुटतं. भूत कुठेच नाही. धास्ती वाटते ती गावकऱ्यांची. स्वतः जॅक्सन व्हरमाँटमधल्या नॉर्थ बेनिंग्टन या छोट्या गावात राहत.

१९६५ मध्ये त्यांचं निधन झालं. हयातीत प्रसिद्ध झालेली ही त्यांची शेवटची कादंबरी. २०१८ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला, पण आधी पुस्तकच वाचा.