मेंढ्या हाकणारा कुत्रा पाळताना

मेंढपाळाच्या कुत्र्यांचे दोन निराळे प्रकार आहेत. त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा चांगल्या जातीचे जनावर वाया जाते. पहिला प्रकार राखणदार कुत्र्याचा. दख्खनच्या माळरानावर धनगराच्या कळपाबरोबर दिसणारा कुत्रा या प्रकारात मोडतो. कळप चालतो तो धनगराच्या हाकेवर व शिट्टीवर. कुत्र्याचे काम लांडग्याची चाहूल घेणे आणि रात्री वाघरीभोवती जागे राहणे एवढेच असते. दुसरा प्रकार कळप हाकणाऱ्या कुत्र्याचा. या प्रकारात सर्वांत नावाजलेली जात म्हणजे बॉर्डर कॉली होय. आपल्याकडेही शहरांत व शहरालगतच्या मळ्यांवर ही जात हौसेने पाळली जात असल्याने तिची माहिती शेतकरी व ग्रामसेवक या दोघांनाही असणे इष्ट आहे.

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरचा डोंगराळ मुलुख हे या जातीचे मूळस्थान. तेथे मेंढ्या उघड्या डोंगरावर मोकळ्या चरतात. मेंढपाळ दिवसभर त्यांच्यामागे हिंडत नाही. लोकर कातरण्यासाठी अगर औषध पाजण्यासाठी कळप खाली आणावयाचा झाल्यास एकट्या माणसाला ते शक्य होत नाही. म्हणून धन्यापासून दूर जाऊन, मेंढ्यांना मोठा वळसा घालून, त्यांना न बिथरवता त्याच्याकडे घेऊन येणारा कुत्रा तेथे निपजविण्यात आला. नॉर्थम्बरलंडमधील अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे 1893 साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा नर या जातीचा मूळपुरुष मानला जातो. तो भुंकत नसे, चावत नसे. निव्वळ नजरेच्या दाबाने मेंढ्या चालवीत असे. 1901 साली तो मेला, पण तेवढ्या अवधीत त्याची दोनशेहून अधिक पिले झाली होती. 1906 साली आंतरराष्ट्रीय मेंढपाळ-कुत्रा संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या नोंदवहीत रूपापेक्षा कामाला अधिक मान राहिला, हे विशेष.

हा कुत्रा मेंढ्या का हाकतो, हे समजल्यावाचून त्याच्याबरोबर नांदणे अवघड आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा प्रथम सावज शोधतो, त्याच्यावर नजर रोखतो, दबत दबत जवळ जातो, पाठलाग करतो, चावा घेतो व शेवटी ठार मारतो. हाकणाऱ्या कुत्र्यात यांपैकी नजर रोखणे, दबत जाणे व पाठलाग करणे या क्रिया निवड पद्धतीने तीव्र केलेल्या आहेत, आणि चावण्याची प्रवृत्ती दाबून टाकलेली आहे. राखणदार कुत्र्यात पाठलागाची ओढही फारशी उरत नाही, म्हणूनच तो कळपात निजू शकतो. यावरून बॉर्डर कॉलीला ‘मेंढ्यांचा मित्र’ म्हणणे बरोबर नाही, हे दिसून येईल. तो लगाम घातलेला शिकारी आहे, आणि तो लगाम शिकवणुकीने हाती ठेवावा लागतो.

लगाम नसल्यास काय घडते? साखळीला बांधलेल्या या कुत्र्याला पुढे काम मिळाले नाही तर तो स्वतःच काम शोधून काढतो. सायकलस्वार, मोटारी, धावणारी मुले, कोंबड्या यांना तो वळवू पाहतो, मुलांच्या टाचांना तोंड लावतो, जमीन उकरतो, एकाच जागी गरगर फिरत राहतो. याला लोक ‘कुत्रा बिघडला’ असे म्हणतात. वस्तुतः कुत्रा बिघडलेला नसतो. त्याचे कामच त्याच्यापासून काढून घेतलेले असते. सुटलेल्या कुत्र्याने गाभण मेंढ्या पळविल्या तर त्या गाभडण्याची भीती असते. हे नुकसान शेजाऱ्याचे होते व भांडण गावाचे.

त्याच्या बुद्धीविषयी बरेच बोलले जाते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्रज्ञांनी ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉली मादीला 1022 खेळण्यांची नावे शिकविली, व तो प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यासाठी तीन वर्षे रोज चार-पाच तास खर्च झाले, ही गोष्ट मात्र बहुधा सांगितली जात नाही. हुशार कुत्रा आपोआप शहाणा होतो हा समज सोडून द्यावा. तो चांगले जितक्या लवकर शिकतो, तितक्याच लवकर वाईटही शिकतो.

शिक्षणाचा आरंभ घरातूनच करावा. पिलू दोन महिन्यांचे झाल्यावर हाक मारताच येणे, खाली बसणे व थांबणे या तीन गोष्टी रोज थोडा थोडा वेळ, मारझोड न करता शिकवाव्यात. मेंढ्यांसमोर मात्र घाई करू नये. पिलू अंगाने मेंढीला मागे टाकण्याइतके वेगवान होईपर्यंत, म्हणजे साधारणतः आठ ते बारा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. लहानपणीच एखाद्या मेंढीने शिंगावर घेतले तर त्याची हिंमत खचते. त्याच्या मायदेशी घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालण्यास ‘कम बाय’ व उलट वळशास ‘अवे’ असे शब्द आहेत. लांब अंतरावर तेच हुकूम शिट्टीने देतात. शब्द मराठी असले तरी चालतील, पण घरातील सर्वांनी तेच वापरावेत. काम संपल्याचा शब्द तर अवश्य ठरवावा. हा कुत्रा आपण होऊन थांबत नाही. त्याला थांबविणे धन्याचे काम आहे.

आपल्याकडील उन्हात ही गोष्ट जिवावर बेतू शकते. या जातीतील काही कुत्री जोराच्या कामानंतर पाच ते पंधरा मिनिटांत लटपटू लागतात व भांबावतात. उन्हाळ्यात त्यांना पहाटे व सायंकाळीच धावडवावे. पाय अडखळताच काम बंद करून सावलीत न्यावे व अंगावर पाणी घालावे. मेंढ्यांच्या आयव्हरमेक्टिन औषधाविषयीही सावधगिरी हवी. ते मेंदूत शिरू न देणारी व्यवस्था कॉली वर्गातील काही कुत्र्यांत जन्मतःच सदोष असते. बॉर्डर कॉलीत हा दोष क्वचित आढळतो, तरीही मेंढ्यांना पाजून उरलेले औषध त्याच्या तोंडी लागू देऊ नये.

कुत्रा कोणत्याही जातीचा असो, मेंढ्यांजवळ राहिला की फीतकृमींचा प्रश्न येतोच. मेलेल्या अगर कापलेल्या मेंढीचे काळीज, फुप्फुसे किंवा डोके त्याला कच्चे टाकण्याची पद्धत फार घातक आहे. त्यातून फीतकृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून कुरणात व माणसाच्या हातावर जातात, आणि माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्याच घराण्यातील दुसऱ्या कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती गोल गोल फिरते व मरते. न्यूझीलंडमध्ये या गाठींच्या रोगाविरुद्ध 1959 साली कायदा झाला. कच्ची आतडी-काळजे कुत्र्यांना घालण्यास बंदी व कुत्र्यांना नियमित औषध या मार्गाने 2002 साली तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त म्हणून जाहीर झाला. आपल्या गावी हेच करण्यास विशेष खर्च नाही. कापणीचा कचरा खोल पुरावा किंवा उकळून मगच घालावा, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलच्या मात्रा वेळच्या वेळी द्याव्यात, आणि मुलांना कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवावयास लावावे. तीन महिन्यांच्या पिलाला पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी व पुढे दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन ती पुन्हा द्यावी.